कासवाची वीज

मंगळवार, ९ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चार ओळी लिहीत जा, मन हलकं होईल. तीन महिने वही कोरी पडून होती आणि मीही. आज लिहायला घेतलंय ते मन हलकं करायला नाही, डोकं ताळ्यावर राहावं म्हणून.

दरड कोसळली ती आमच्याकडचे विजेचे खांब घेऊन गेली. रस्ता दुसऱ्याच दिवशी मोकळा झाला, विजेचा पत्ता नाही. वायरमनला फोन केला की म्हणतो, "दोन दिवस, ताई." हे तो गेल्या आठवड्यापासून म्हणतोय. त्याच्या घरी दिवस मोजायची पद्धत वेगळी असावी.

बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला. डिझेलचा धूर फुकट मिळायचा, विड्या पदरमोड करून ओढल्या. आता फुफ्फुसं अशी थकलीत की दिवसरात्र नाकाला नळी लागते. नळीच्या दुसऱ्या टोकाला एक मशीन आहे. ते हवेतला ऑक्सिजन गाळून देतं आणि त्याला पन्नास वॅट वीज लागते. सध्या अडीअडचणीसाठी ठेवलेल्या सिलिंडरवर चाललंय. तो शनिवारपर्यंत पुरेल, दुसरा भरलेला शहरातही मिळत नाहीये, पुढे काय ते कुणालाच माहीत नाही.

दादाचा शहरातून फोन आला. "मी गाडी घेऊन येतो. बाबांना इकडे हॉस्पिटलात ठेवू, वीज आली की परत आणू."

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "अरे, तिथे गेलेला माणूस परत येतो का? तुझी आई आली?"

फोन माझ्याकडे परत आला. मी म्हटलं, "दादा, मी बघते काहीतरी."

"तू?" तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे, तुझी तब्येत बरी आहे ना?"

लोक माझ्याशी हल्ली काचेच्या भांड्याशी बोलावं तसं बोलतात. फोन ठेवला आणि माळ्यावरून पेटी खाली काढली. कंपनी बंद पडली तेव्हा टेबल रिकामं करताना मी ही एवढी एकच वस्तू उचलली होती. आत काड्यापेटीएवढ्या चपट्या पांढऱ्या प्लेट्स आहेत. एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला गार केलं की त्यातून वीज येते. चाक नाही, इंजिन नाही, आवाजही नाही. सोळा वर्षं मी याच प्लेट्स बनवल्या.

स्वयंपाकघरात लोखंडी चूल आहे आणि मागे लाकडांचा ढीग. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्याकडे तर ढीगभर काड्या आहेत.

बुधवार, १० जानेवारी

चुलीच्या पाठीला सहा प्लेट्स बसवल्या. त्यांच्या बाहेरच्या अंगाला ॲल्युमिनियमचा पोकळ ठोकळा आणि त्यात खेळतं पाणी, म्हणजे ती बाजू गार राहते. पाणी फिरवायला छोटा पंप लावला.

मीटरवर सतरा वॅट आले. मी टाळी वाजवली. बाबा दारातून म्हणाले, "आणि तो पंप कशावर चाललाय?"

पंप बॅटरीवर चालला होता आणि एकटाच नऊ वॅट खात होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बाबा हसले, मग खोकले, मग बराच वेळ खोकले.

शुक्रवार, १२ जानेवारी

पंप काढून टाकला. घरामागच्या चढावर झऱ्याचं पाणी साठवायची टाकी आहे, तिथून नळी खाली आणली. पाणी आपल्या वजनाने येतं आणि अंगणात निघून जातं. पंपाचे नऊ वॅट वाचले.

बाबांना समजावून सांगितलं, की नुसत्या उष्णतेची वीज होत नाही, फरकाची होते. एक बाजू जितकी तापलेली आणि दुसरी जितकी गार, तितकी जास्त.

"म्हणजे उतार पाहिजे."

"हो, उतार पाहिजे."

"आणि शंभरातलं किती हाती लागतं?"

"पाच. फार तर."

"बाकीचे पंच्याण्णव?"

"पाण्याबरोबर अंगणात."

"आमच्या ट्रान्सपोर्टचा मालक बरा म्हणायचा." त्यांनी त्याचं नाव कासव ठेवलं. पाच टक्क्यांनी चालणारं दुसरं काय असणार?

संध्याकाळी आणखी सहा प्लेट्स बसवल्या. सहाला सतरा, तर बाराला चौतीस, उरलेलं वीज येईपर्यंत बॅटरी पुरवेल. उष्णता नीट पोचावी म्हणून प्लेट आणि चुलीच्या मध्ये नवीन पेस्ट लावली, बोल्ट आवळले. किती येतात ते मोजायला गेले आणि मीटरचा फ्यूज उडवला. तार करंटच्या भोकात ठेवून व्होल्टेज मोजायला गेले. कंपनीच्या प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या पोरांना याच चुकीसाठी मी हाकलून द्यायचे. आता मीटर फक्त व्होल्टेज दाखवतो. दूधवाल्याला फ्यूज आणायला सांगितलाय. तो रोज पिकअप घेऊन खाली शहरात जातो.

काही बिघडत नाही. घरच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी आहे, तिचं व्होल्टेज बघून आत किती वीज उरली ते कळतं. मशीन तासाला किती खातं तेही ठाऊक आहे. गेलेलं ठाऊक, उरलेलं ठाऊक, म्हणजे आलेलं काढता येतं. शाळेतलं गणित आहे.

मंगळवार, १६ जानेवारी

सिलिंडर संपला. शनिवारपासून बाबा मशीनवर आहेत, मशीन बॅटरीवर, बॅटरी कासवावर आणि कासव माझ्यावर. चूल एक क्षण मंद होऊ देत नाही. हात काळे, डोळे लाल.

तरी बॅटरी उतरतेय. काल उतरली, आज आणखी. उद्या दुपारपर्यंत संपेल. मी चुलीसमोर बसून रडले. आवाज न करता रडत होते असं मला वाटत होतं, पण बाबा नळी ओढत दारात आले.

"काय झालं?"

"पुरत नाहीये, बाबा. दादाला बोलवावं लागणार."

ते चौकटीला धरून दम घेत उभे राहिले. "आणि तू?"

"मी काय?"

"मी गेल्यावर तू इथे एकटी काय करशील?"

"काय करणार? पडून राहीन."

मी सहज म्हटलं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आजची रात्र थांब. नवी गाडी सुरुवातीला ॲव्हरेज कमीच देते. आणि माझं दार लावून घे, चुलीचा धूर आत येतो."

बुधवार, १७ जानेवारी

बॅटरी उतरली नाही!

तीनदा मोजलं. काल होती तिथेच आहे. सकाळी मी बोल्ट परत आवळले होते, त्याने फरक पडला असणार. पेस्टही दोन-तीन दिवस तापल्यावर मुरते. गणित केलं, पन्नास वॅट येताहेत. जेवढे पाहिजेत बरोबर तेवढे. दुपारी भाताचं पातेलं मी एकटीने संपवलं.

बाबांना सांगायला गेले तर दार उघडता उघडता मशीनने बीप केलं. ते म्हणाले, "बघ, मी काय म्हटलं होतं?" त्यांचे ओठ जरा काळपट दिसले. खोलीत उजेड कमी आहे.

शुक्रवार, १९ जानेवारी

बॅटरी टिकून आहे. दूधवाला आज फाटकात थांबला. फ्यूज आणलाय, पण चुकीचा, रेडिओचा. वर मला सल्ला दिला. "ताई, एवढी लाकडं कशाला जाळता? मी सकाळी येतो तेव्हा तास-दीड तास गाडी इथेच चालू ठेवतो. बॅटरी गाडीवर भरून घ्या."

चांगला माणूस आहे. मी म्हटलं, "बॅटरीत तुमची भर पडली तर माझ्या कासवाने किती दिलं ते कसं कळणार?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "ते कळायला कशाला पाहिजे?"

काय सांगायचं आता याला? पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी लाकडं घेऊन आत आले तर बाबा दादाशी फोनवर बोलत होते. "हो, दोन्ही वेळा जेवते. काल गुणगुणत होती. राहू दे अजून थोडे दिवस, नको येऊस." मला रागच आला. या घरात माझ्या जेवणाचे अहवाल जातात. आजारी कोण आहे?

सोमवार, २२ जानेवारी

आज अगदी बाबांना कळेल असं सांगितलं. अशा जनरेटरमधून जास्तीत जास्त वीज कधी मिळते? बाहेरच्या मशीनचा अडथळा आणि प्लेटच्या आतला अडथळा सारखा असतो तेव्हा. पण तेव्हा जेवढी वीज बाहेर जाते तेवढीच आत जळून जाते.

"घरोघर तसंच असतं," बाबा म्हणाले.

त्यांना बोलताना मध्येच थांबावं लागतं. सकाळी डोकं दुखतं म्हणतात. त्यांचं मशीनही खोडकर झालंय. मी खोलीकडे निघाले की बीप करतं, जणू माझी पावलं ओळखतं. आतला कॉन्टॅक्ट ढिला असेल, बघायला हवं.

मी सोळा वर्षं काम केलं. तिथे लोक आकडे बघून मान हलवायचे आणि पुढच्या खोलीत जायचे. माझ्या हाताने बनवलेल्या वस्तूवर कुणी श्वास घेतोय, असं कधी झालं नव्हतं.

बुधवार, २४ जानेवारी

छप्पन्न!!

बॅटरी नुसती टिकली नाही, चढली. हिशोब करकरून पाहिला, छप्पन्न वॅट. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. मी स्वयंपाकघरात एकटी नाचले. खरंच नाचले, हातात चिमटा घेऊन.

एक गोष्ट मात्र जमत नाही. चुलीकडून प्लेट्सना मिळणाऱ्या उष्णतेशी ताडून पाहिलं तर कासवाची कार्यक्षमता नऊ टक्के निघते. या प्लेट्सची हद्द पाच आहे, ती मीच ठरवून कागदावर छापून घेतली होती. पण कागदावर आम्ही नेहमी हात राखूनच छापायचो. शिवाय झऱ्याचं पाणी बर्फासारखं आहे.

बाबांना सांगितलं तर ते हसले, पण डोळे न उघडता. पाय सुजलेत. मला त्यांनी आईच्या नावाने हाक मारली. या वयात होतं असं.

गुरुवार, २५ जानेवारी

दवाखान्याची नर्स आली होती. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बाबांच्या बोटाला क्लिप लावली, एक्क्याऐंशी आलं. नव्वदच्या वर हवं.

"मशीन सारखं चालू असतं ना?"

"चोवीस तास."

"मग हे बरोबर नाही. यांना खाली हलवा, ताई. आजच."

मी तिला सांगितलं की बोटं गार असली की क्लिप चुकीचं दाखवते. खरंच दाखवते. ती म्हणाली, "बोटं गार का आहेत ते पण बघा एकदा." फटकळ आहे जरा.

ती गेल्यावर बाबांना विचारलं, "जायचं का दादाकडे?"

"तुझं कासव काय म्हणतं?"

"काल छप्पन्न, आज पन्नास."

"मग काय तर," ते म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला. क्लिपचं जाऊ दे, हात खरंच गार होता.

रविवार, २८ जानेवारी

दूधवाल्याने अखेर बरोबर फ्यूज आणला. हात काळे आहेत, उद्या बसवते.

वायरमन म्हणतो, दोन दिवस.

मंगळवार, ३० जानेवारी

फ्यूज अजून खिडकीत आहे. काल लाकडं फोडण्यात दिवस गेला. आज टाकीची नळी तुंबली. चालू असलेल्या जनरेटरची तार सोडवून मध्ये मीटर घालायचा म्हणजे तेवढा वेळ वीज तुटते, उगाच जोखीम. गणिताने सगळं कळतंच आहे.

बाबा आज जेवले नाहीत.

बुधवार, ३१ जानेवारी

फ्यूज बसवला. मीटर जोडला.

बावीस.

चूल लाल होती, पाणी गार होतं, तरी बावीस. तारा उलटसुलट केल्या. जोड घासून पुसून परत लावले. चुलीत आणखी लाकूड घातलं. बावीस, तेवीस, बावीस.

बावीस का, ते पाच मिनिटांत कळलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सहाच्या बारा प्लेट्स केल्या म्हणून चूल दुप्पट तापत नाही. एका मडक्यावर सहा जण बसवा नाहीतर बारा, मडक्यात पाणी तेवढंच. जास्त प्लेट्सनी जास्त उष्णता ओढली, चुलीची पाठ निवली, फरक कमी झाला आणि प्रत्येक प्लेटचं उत्पादन घसरलं. हे मी लोकांना शिकवत होते.

पण मग दोन आठवडे बॅटरी टिकली कशी? बावीस येतात, पन्नास जातात आणि साठा कमी होत नाही, असं जगात कुठेच होत नाही. तीन आकड्यांतला एक खोटा असणार. बावीस आत्ता डोळ्यांसमोर होते. बॅटरी मी रोज मोजत होते. उरले पन्नास. पन्नास मी कधी मोजलेच नव्हते. मशीनच्या पाठीवर छापलेत म्हणून धरून चालले होते, दिवसाचे चोवीस तास.

मला पुढचं गणित करायचं नव्हतं, पण ते आपोआप होत गेलं. बावीस वॅटवर ते मशीन दिवसात साडेदहा तास चालतं. ज्या दिवशी बॅटरी चढली, ज्या दिवशी मी नाचले, त्या दिवशी जेमतेम पावणेआठ तास.

चपला काढल्या आणि पाय न वाजवता मागच्या खोलीपर्यंत गेले. दार हळूच लोटलं. आत कसलाच आवाज नव्हता. नळी नाकाला होती, मशीन बंद होतं. बाबा उशांना टेकून बसल्या बसल्या डुलकी घेत होते, तोंड उघडं, ओठ जांभळे. एक हात मशीनच्या बटणावर होता.

मी पुढे झाले तशी त्यांना जाग आली. डोळे पुरते उघडायच्या आधी बोटाने बटण दाबलं. बीप.

"कधीपासून, बाबा?"

"काय कधीपासून? आत्ताच जरा डोळा लागला..."

"बाबा."

मशीन फुसफुसायला लागलं. थोड्या वेळाने, एकेक शब्द वेगळा करत ते म्हणाले, "उतारावर आम्ही इंजिन बंद करतो. सवय आहे. डिझेल वाचतं."

"हा उतार आहे का, बाबा?"

"मला तर उतारच दिसतोय."

मी ओरडले. आजारी माणसावर इतकं कुणी ओरडत नसेल. मला फसवलंत, मूर्ख बनवलंत, मी इथे चुलीत लाकडं घालत बसले आणि तुम्ही आत श्वास कोंडून बसलात, हे तुम्हाला शोभतं का, आणि मला काय वाटेल, एकदा तरी विचार केलात का? ते ऐकत राहिले. मी दमले तेव्हा म्हणाले, "तीन महिने तुझ्या दारात ताट ठेवत होतो. दुसऱ्या दिवशी तसंच उचलत होतो. माझ्याच्याने पुन्हा ते होणार नाही."

मी दादाला फोन करायला उठले.

"बोलवू नको त्याला," ते म्हणाले. "चांगलं चाललंय आपलं."

मी अंगणात येऊन दादाला फोन लावला आणि म्हटलं, ये. मग परत म्हटलं, लवकर ये.

गुरुवार, १ फेब्रुवारी

दादा पोचायला आज दुपार होणार होती. काल मशीन सतत चालू ठेवलं तर बॅटरी मध्यरात्रही गाठणार नाही, एवढं गणित आता मला बरोबर येत होतं. संध्याकाळी दूधवाल्याकडे पळत गेले. धाप लागून नीट बोलताही येईना. तो जेवत होता. मी म्हटलं, "तुमची गाडी..." त्याने ताट तसंच ठेवलं आणि उठला.

पिकअप रात्रभर खिडकीखाली चालू राहिली. इंजिनाच्या एका पट्ट्यावर फिरणारं ते टीचभर यंत्र बॅटरी वर आणत होतं. माझ्या बारा प्लेट्स, ढीगभर लाकूड आणि दोन आठवडे, हे सगळं त्याने बोलता बोलता मागे टाकलं. हे पहिल्याच दिवशी होऊ शकलं असतं. रोज दीड तास, फुकट, त्याने स्वतःहून देऊ केलं होतं आणि मी नको म्हटलं, कारण मला मोजायचं होतं. कुठल्याही दुसऱ्या माणसाने ही चूक केली नसती. त्यासाठी सोळा वर्षं प्रयोगशाळेतच काढावी लागतात.

मी बाबांच्या खोलीत खुर्ची टाकून बटणापाशी बसले. त्यांनी एकदा हात पुढे केला, मी तो धरून ठेवला. "गाडी खडखडते त्याची," ते म्हणाले. "सांग त्याला, इंजिनाचं माउंटिंग बघ म्हणावं." नंतर म्हणाले, "फार डिझेल जाईल ग त्याचं. बंद कर थोडा वेळ." मी नाही म्हटलं. त्यांनी परत सांगितलं, मी परत नाही म्हटलं.

दादा आला, त्याने एकवार चुलीकडे बघितलं आणि बाबांना उचललं. बाबा किती हलके झालेत, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

रविवार, ४ फेब्रुवारी

हॉस्पिटल. इथे ऑक्सिजन भिंतीतून येतो, पितळी तोटी फिरवली की झालं. मी पहिल्या दिवशी त्या तोटीकडे बघतच बसले होते.

तीन दिवस बाबा अर्धवट शुद्धीत होते. आज जरा उठून बसले, तर डॉक्टरीणबाई फाइल घेऊन आल्या. दादा आणि मी पलंगाच्या दोन बाजूंना उभे होतो.

"आजोबा, घरी ऑक्सिजन दिवसाला किती तास चालू असायचा?"

"चोवीस," बाबा ठणकावून म्हणाले. एवढा आवाज त्यांनी महिन्यात काढला नव्हता. "दिवसरात्र. माझ्या मुलीने चुलीवर वीज केली होती, त्यावर. एक मिनिट खंड नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग दादाला थोडं बाजूला घेतलं, पण खोली लहान आहे, सगळं ऐकू येत होतं. "पूर्ण ऑक्सिजन मिळत असूनही हृदयावर इतका ताण आला असेल, तर फुफ्फुसांत काही उरलेलं नाही. मग इथे ठेवून आम्ही वेगळं काही देऊ शकणार नाही. चार दिवसांत घरी न्या. त्यांना त्रास होणार नाही एवढं बघू."

दादाने मान हलवली. बाबांनीही हलवली, त्यांना घरीच जायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला कळली, लहानपणी शाळेतल्या बाईंसमोर माझी बाजू घेताना ते अशीच बघायचे. तू गप्प राहा, मी आहे ना.

मी गप्प राहिले असते तर दादाला काही कधी कळलं नसतं. बाबांच्या तोंडून माझं एवढं कौतुक आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं.

"चोवीस नाही," मी म्हटलं.

"तू थांब," बाबा म्हणाले.

"डॉक्टर, चोवीस नाही. दोन आठवडे दिवसाला साडेदहा तास. एका दिवशी तर आठसुद्धा नाही. माझ्या जनरेटरची वीज निम्मीही पुरत नव्हती. ते मशीन बंद करून बसायचे, मला कळू नये म्हणून. आणि मला कळलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. "नक्की? हे आकडे अंदाजे आहेत का?"

"नाही. मोजलेले आहेत."

त्यांनी फाइलमधलं पान फाडलं. म्हणाल्या, "मग सगळं बदलतं. उपाशी ठेवलेल्या माणसाला जेवण पचत नाही असं मी म्हणत होते. पूर्ण ऑक्सिजनवर ठेवून बघू. वचन देत नाही, पण वाव आहे." त्या घाईने नर्सला शोधायला गेल्या.

दादा माझ्याकडे बघत होता. "त्याच घरात होतीस तू," तो म्हणाला. "एका भिंतीपलीकडे." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हो," मी म्हटलं.

बाबा थरथरत होते. मला वाटलं धाप लागली, मी जवळ गेले, तर त्यांनी माझा हात झटकला. "तुला कुणी विचारलं होतं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला विचारलं होतं ना? मी सांगितलं होतं ना?" मग त्यांनी तोंड फिरवलं.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. दादाने दूध पाजलं ते प्यायले, नर्सच्या एका विनोदावर हसलेही, मी पांघरूण नीट करायला गेले तर डोळे मिटून घेतले. मी इथेच बसून आहे. मघाशी नर्सने क्लिप लावली तेव्हा अठ्ठ्याऐंशी आलं. मी तिला दुसऱ्या बोटावर लावायला सांगितली, मग तिसऱ्या. तिन्ही बोटांवर अठ्ठ्याऐंशीच आलं.